एआर-टाइप एअर रायफलचा स्टॉक हलतोय? बफरच्या नादी लागू नका, आधी नळी मोजा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल आणि एक मिलिंग मशीन, जे चालू करताना अजून शेजारच्या गाळ्यातले दिवे मिचकावतात. पोट भरतं ते पंपांच्या शाफ्टवर आणि बुशांवर. एअर रायफल हा रविवारचा नाद. पण गेली दोन-तीन वर्षं रविवारी शटर अर्धं उघडं दिसलं की कुणीतरी चादरीत गुंडाळलेली रायफल घेऊन दारात उभं असतं, आणि तक्रार ठरलेली.

"दादा, मागचा स्टॉक हालतोय. ग्रुप पडंना झालाय." स्टॉक म्हणजे खांद्याला लावायचा मागचा भाग, आणि ग्रुप म्हणजे छर्ऱ्यांची भोकं जवळजवळ पडणं.

मागच्या महिन्यात कागलचा एक पोरगा आला. रायफल पीसीपी, म्हणजे टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, आणि दिसायला अगदी एआर या खऱ्या बंदुकीसारखी: काळी, पिस्तुलासारखी ग्रिप, मागे सहा घरांत सरकणारा स्टॉक. हातात घेतली तर आत काहीतरी वाजलं. बारशाच्या खुळखुळ्यासारखं. मी त्याच्याकडे बघितलं, तो जमिनीकडे. त्याने परदेशी व्हिडिओ बघितले होते. त्यात 'हेवी बफर घातलं की रायफल शांत होते' असं सांगतात. इथे बफर कुठे मिळणार, म्हणून गड्याने टायरवाल्याकडून चाकाच्या बॅलन्सिंगची शिशाची वजनं आणली, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळली आणि ज्या नळीवर स्टॉक सरकतो त्या मागच्या नळीत कोंबली. रायफल दोनशे ग्रॅम जड झाली. स्टॉक होता तितकाच हलत होता.

त्याला हसण्यात अर्थ नाही. बफर, बफर ट्यूब (म्हणजे हीच नळी) आणि स्टॉक या तिन्हींची नावं एकमेकांना चिकटलेली आहेत, त्यामुळे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे असं होतं. तेव्हा आधी बफर करतो काय ते बघू.

खऱ्या एआरमध्ये बफरचं काम

एआर म्हणजे आर्मालाइट रायफल, त्या कंपनीच्या नावावरून. यूजीन स्टोनरने हे डिझाइन केलं आणि १९५९ मध्ये आर्मालाइटने त्याचे हक्क कोल्टला विकले. या रायफलीत गोळी सुटली की बॅरलमधला थोडा गॅस मागे येतो आणि बोल्ट कॅरियरला, म्हणजे आतल्या सरकत्या ठोकळ्याला, ढकलतो. कॅरियर रिसीव्हरमधून, म्हणजे रायफलच्या मधल्या धडातून, निघून थेट मागच्या नळीत शिरतो. त्या नळीत एक लांब स्प्रिंग असते आणि तिच्या तोंडाशी एक दांडू बसवलेला असतो, तोच बफर. कॅरियर मागे येतो, स्प्रिंग दाबली जाते, बफर त्याचा वेग खातो आणि स्प्रिंग पुन्हा सगळं पुढे ढकलते. बफर आतून पोकळ असतो. त्यात सरकणारी वजनं असतात. कॅरियर पुढे जाऊन आदळला की ही वजनं क्षणभर उशिरा आदळतात, त्यामुळे कॅरियर उसळी मारून मागे येत नाही. आपल्याकडे शिशाचे छर्रे भरलेला हातोडा मिळतो ना, मारला तरी उसळत नाही, तसंच.

म्हणजे नळी ही स्टॉक अडकवायची दांडी नव्हे. खऱ्या एआरमध्ये ती मशीनचा भाग आहे, म्हणून तिची लांबी मनाला येईल तशी ठेवता येत नाही.

जुनी मूळ पद्धत रायफल बफरची: बफर सुमारे १५० मिमी लांब, वजन १४५ ग्रॅमच्या आसपास, नळी आतून साधारण २४५ मिमी खोल. पुढे आखूड कार्बाइन आली. नळी आतून १७८ मिमीच्या आसपास आणि बफर सुमारे ८२ मिमीचा. आता वजाबाकी करून बघा. नळ्यांतला फरक आणि बफरांतला फरक जवळपास सारखाच येतो. कॅरियरला मागे यायला जागा दोन्हीकडे तितकीच हवी, म्हणून नळी कापली तितका बफर कापला, इतकाच तो हिशोब. पण बफर आखूड झाला की हलकाही झाला: साधा कार्बाइन बफर जेमतेम ८५ ग्रॅमचा. मग वजन परत वाढवायला आतले स्टीलचे तुकडे काढून टंगस्टनचे घातले. एक तुकडा बदलला की एच, दोन बदलले की एच-टू, तिन्ही बदलले की एच-थ्री. एच साधारण १०८ ग्रॅम, एच-टू १३० च्या आसपास, एच-थ्री दीडशेच्या घरात. व्हिडिओतला 'हेवी बफर' तो हाच.

या दोघांच्या मधली आणखी एक पद्धत आहे, व्हल्टर कंपनीची ए-फाइव्ह. नळी कार्बाइनपेक्षा पाऊण इंच लांब, बफर पाऊण इंच लांब, स्प्रिंग मात्र रायफलची. पुन्हा तीच वजाबाकी. फायदा असा की चाल रायफलसारखी मऊ आणि स्टॉक कार्बाइनचा सरकता. मला विचाराल तर तिन्हीत डोकं चालवलेलं डिझाइन हेच.

आणि जोडी चुकली तर? रायफलचा लांब बफर कार्बाइनच्या नळीत घातला तर कॅरियर पूर्ण मागे येतच नाही. उलट आखूड बफर लांब नळीत घातला तर कॅरियर गरजेपेक्षा जास्त मागे येतो आणि रिसीव्हरच्या मागच्या भागावर आदळून तोडफोड करतो. म्हणून तिकडचे लोक बफर, स्प्रिंग आणि नळी हा एकच संच धरून चालतात.

आता आपली रायफल

पीसीपीमध्ये यातलं काहीही नाही. ट्रिगर दाबला की हॅमर सुटतो, व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि टाकीतली हवा छर्ऱ्याला ढकलते. बोल्ट आपण हाताने किंवा बाजूच्या लिव्हरने मागे ओढतो. नळीकडे येणारा कॅरियर नाही. नळी रिकामी. कंपनीने ती ठेवली ती फक्त एआरचा स्टॉक बसावा म्हणून. तुम्ही तिच्यात शिसं भरा, वाळू भरा नाहीतर दाणे-गूळ भरून ठेवा, रायफलीच्या चालीत फरक पडत नाही. मागचं वजन वाढून तोल थोडा बदलेल, तेवढंच.

पण नळीची बाहेरची मापं मात्र खऱ्या एआरवरून आलेली आहेत, आणि घोळ नेमका तिथे आहे.

अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट

सरकत्या स्टॉकच्या नळ्या दोन व्यासांच्या असतात. लष्करी मापाची, जिला मिल-स्पेक म्हणतात, ती १.१४८ इंच, म्हणजे २९.१६ मिमी. दुसरी कमर्शियल, १.१६८ इंच, म्हणजे २९.६७ मिमी. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, फोटोत तर मुळीच कळत नाही. विकणारा दोन्हींना 'एआर स्टॉक' म्हणूनच विकतो.

हे दोन व्यास का झाले ते टर्नरला लगेच पटतं. मिल-स्पेक नळीत पुढचे आटे नळीच्या अंगापेक्षा उंच असतात, म्हणजे जाड माल घ्यायचा आणि मागचं सगळं अंग उतरवायचं. कमर्शियलमध्ये अंगाचा आणि आट्यांचा व्यास जवळपास एकच. तयार नळी घेतली, तोंडाला आटे पाडले, झालं. काम स्वस्त. पण आट्यांची उंची कमी भरते आणि पकड कमी मिळते. ॲल्युमिनियमही बहुतेकदा वेगळं: मिल-स्पेकला ७०७५ ग्रेडचं, कमर्शियलला ६०६१. आणखी एक खूण म्हणजे कमर्शियल नळीचं मागचं टोक बहुधा तिरकं कापलेलं असतं, मिल-स्पेकचं सपाट. बहुधा म्हणतोय. ह्या खुणेवर भरवसा ठेवून पैसे पाठवू नका.

तर जोड्या अशा. मिल-स्पेक स्टॉक कमर्शियल नळीवर जातच नाही. लोक जबरदस्तीने घालतात, पॉलिश पेपर मारतात, आणि मग खालच्या बाजूने, जिथे घरांच्या भोकांत अडकणारी पिन असते तिथे, स्टॉकला चीर जाते. कमर्शियल स्टॉक मिल-स्पेक नळीवर मात्र सुतासारखा सरकत जातो. म्हणूनच तो धोक्याचा. बसला म्हणून माणूस खूश होतो आणि तिथून हलण्याची कहाणी सुरू होते.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण स्टॉक नळीला फक्त पुढच्या काही सेंटिमीटरवर धरतो आणि तुमचा गाल व खांदा लागतो तो त्याच्या मागे. तरफेचा हिशोब आहे: पकडीत अर्धा मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी फट, असेल तर मागच्या टोकाला सहज एक-दीड मिलिमीटर होतो. स्टॉक जितका बाहेर ओढाल तितकी पकड कमी आणि हलणं जास्त. 'शेवटच्या घरात जास्त हालतंय, पहिल्या घरात बरं हाय' असं कुणी म्हणालं की मी रायफल न बघताच व्यासाचा घोळ आहे म्हणून सांगतो. आजवर क्वचितच चुकलोय.

आता १० मीटरच्या एअर रायफल टार्गेटवर एक रिंग म्हणजे अडीच मिलिमीटर. गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकला की डोळा स्कोपच्या मधोमध राहत नाही. त्यात हौशी स्कोप बरेचदा १०० यार्डांच्या पॅरॅलॅक्सवर लावलेले असतात. १० मीटरवर त्यांच्यात डोळा जरा सरकला की क्रॉसचे दोरे टार्गेटवर सरकलेले दिसतात. बॅरल सरळ, छर्रे चांगले, हवा बरोबर, आणि तरी ग्रुप पसरलेला. मग माणूस बॅरल साफ करतो, छर्रे बदलतो, स्कोप बदलतो, शेवटी बफरपर्यंत पोचतो.

हलतंय कुठे ते आधी शोधा

सुरुवातीला रायफल रिकामी आहे याची खात्री. मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, बॅरलमध्ये छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: तुमच्या रायफलीची हवेची टाकी स्टॉकमध्येच तर नाही ना? काही मॉडेलमध्ये मागे जे नळीसारखं दिसतं तीच टाकी असते, आत २०० बार दाबाची हवा. तसं असेल तर हे पुढचं सगळं विसरा, पाना खाली ठेवा आणि कंपनीकडे द्या. तिथले आटे ढिले करणं म्हणजे सिलिंडरचं तोंड उघडणं.

टाकी पुढे असेल तर रायफल एखाद्या जाड उशीवर किंवा वाइसमध्ये रबर लावून धरा. मी जुन्या सायकलच्या टायरचा तुकडा वापरतो. एका हाताने नळी पुढे, रिसीव्हरजवळ धरा आणि दुसऱ्याने स्टॉक हलवा. बोटाला फार लवकर कळतं.

नळी गप्प आहे आणि स्टॉक वरखाली व डावी-उजवी हलतोय, तर व्यास जुळत नाहीये. फक्त पुढे-मागे टकटक होतेय, तर दोष खालच्या पिनेचा आणि भोकांचा. पण नळीच स्टॉकबरोबर हलतेय किंवा किंचित फिरतेय, तर मुळात ती रिसीव्हरमध्ये ढिली आहे, आणि तिथे स्टॉक बदलून एक पैचा उपयोग नाही.

तिसऱ्यासाठी एक साधी युक्ती. पांढऱ्या मार्करने एकच रेघ मारा: रिसीव्हरवरून, मधल्या एंड प्लेटवरून (रिसीव्हरच्या मागची पातळ पट्टी), कॅसल नटवरून (तिच्या मागचा, नळी आवळणारा खाचांचा नट) थेट नळीवर. मग पन्नास-साठ छर्रे मारा. रेघ तुटली तर कुठे तुटली तेच सांगते काय सुटलंय. नटवर तुटली तर नट फिरला. नट जागेवर आणि नळीवर तुटली तर नळी आतून फिरतेय. पीसीपीला धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे रेघ तुटायला कधी कधी महिना लागतो. स्प्रिंगवाली ब्रेक-बॅरल रायफल असेल तर दोन दिवसांत निकाल. तिचा पिस्टन आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी हिसका देतो, आणि एआरचा स्टॉक लावलेल्या स्प्रिंग रायफलींचे कॅसल नट मी हाताने सुटताना बघितलेत.

व्हर्निअर कुठे लावायचा

नळी मोजायची ती तीन जागी: नटच्या लगेच मागे, मध्ये, आणि टोकाजवळ. नळीच्या खालच्या रेलवर, म्हणजे पिनेची भोकं असलेल्या पट्टीवर, जबडा टेकवू नका, आडवा धरा. रंगाची किंवा पावडर कोटिंगची जाडीही मापात येते हे लक्षात ठेवा. २९.१ ते २९.२ आलं तर मिल-स्पेक. २९.६ ते २९.७ आलं तर कमर्शियल. साठ-सत्तर रुपयांच्या प्लॅस्टिकच्या व्हर्निअरवर हे माप घेऊ नका, अर्धा मिलिमीटर तोच खातो. जवळच्या कुठल्याही लेथवाल्याकडे जा, तो दोन मिनिटांत मोजून देईल. पैसे घेणार नाही, पण रायफल पाच मिनिटं हातात धरून बघेल, तेवढं सहन करा.

कागलच्या पोराची नळी मी मोजली तर पुढे २९.४२, मध्ये २९.३४, मागे २९.२१. म्हणजे ना मिल-स्पेक, ना कमर्शियल. ओतीव नळी, साच्यातून सुटावी म्हणून दिलेला उतार तसाच ठेवलेला, वर जाड काळा रंग. अशा नळीवर बाजारातला कुठलाच स्टॉक टोकापासून टोकापर्यंत एकसारखा बसणार नाही. मिल-स्पेक पुढे अडकतो, कमर्शियल मागे डुलतो. त्याने बदललेला स्टॉक कमर्शियल होता. म्हणजे विकणाऱ्याने चुकीचा दिला असंही म्हणता येत नाही. त्या नळीला बरोबर असं काही नव्हतंच.

दुरुस्ती

व्यासाचा घोळ असेल आणि नळी कुठल्यातरी एका मापात नीट बसत असेल, तर सरळ त्या मापाचा स्टॉक घ्या. जुना विकून टाका, पण घेणाऱ्याला माप सांगून विका, नाहीतर तो पुढच्या रविवारी माझ्याच दारात येतो.

स्टॉक बदलायचा नसेल तर फट भरायची. फरक व्यासात अर्धा मिलिमीटर, म्हणजे एका बाजूला पाव. लोक इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळतात. दोन थर साधारण तेवढे भरतात आणि पहिल्या दिवशी झकास वाटतं. पण मे महिन्यात गाडीच्या डिकीत रायफल राहिली की पट्टीचा गोंद पातळ होतो, स्टॉक सरकवताना पट्टी गोळा होते आणि चिकट काळं लोणचं तयार होतं. त्यापेक्षा शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा कॅन कापा. त्याचा पत्रा ०.१ मिमीच्या आसपास असतो. दोन पदरी पट्टी, रुंदी बोटभर, कडा पॉलिश पेपरने मारून घ्यायच्या नाहीतर हात कापतो. नळीला पूर्ण वेढा देऊ नका. वरच्या अर्ध्या गोलावर दोन पट्ट्या लावा, एक स्टॉकच्या पुढच्या तोंडाशी येईल तिथे, एक मागे. वरून दाब आला की खालची रेल आपोआप स्टॉकच्या खाचेत टेकते आणि प्ले संपतो. पट्टी चिकटवायला पातळ दुहेरी टेप चालते, पण मग तिची जाडी धरूनच पदर ठरवा. अर्थात स्टॉक मग सारखा पुढे-मागे सरकवायचा नाही. आपलं घर ठरवा आणि तिथेच ठेवा.

मी स्वतः एकदा कमर्शियल स्टॉकसाठी डेलरिनचं बूश केलं होतं, आतून २९.२, भिंत पाव मिलिमीटरची. लेथवर पाव मिलिमीटरची प्लॅस्टिकची भिंत टिकवणं म्हणजे पापड टर्न करणं. तिसरं बूश जमलं. हौस म्हणून ठीक, सल्ला म्हणून देणार नाही.

आणि कमर्शियल नळी लेथवर उतरवून मिल-स्पेक करा, असं सांगणारे भेटतील. करू नका. भिंत आधीच पातळ, खाली रेल असल्यामुळे सगळीकडून टूल फिरत नाही, आणि वरचा ॲनोडाइज्ड थर गेला की ॲल्युमिनियम स्टॉकवर घासून काळं पडायला लागतं.

कागलच्या पोराच्या उताराच्या नळीला मी पुढे काहीच लावलं नाही, मध्ये एक पदर, मागे दोन पदर लावले. शिसं काढून त्याच्या हातात दिलं. स्टॉक चौथ्या घरात ठेवला, कारण त्याच्या हाताला तेच बरोबर बसत होतं. त्याचा ग्रुप शिवण्याच्या बटणाएवढा आला. आधी तो बशीएवढा होता.

पुढे-मागेची टकटक

हे पिनेचं काम. थोडा प्ले असणारच, त्याशिवाय पिन भोकात पडणार नाही. पण ओतीव नळीत भोकं लवकर लांबट होतात, कारण पिन स्टीलची आणि भोक मऊ मालाचं. आधी शेजारचं घर वापरून बघा, जे कधी वापरलेलं नाही. तिथे टकटक नसेल तर निदान पक्कं. मग मी सिल्व्हर स्टीलची नवी पिन करतो, जुनीपेक्षा मिलिमीटरचे एक-दोन दशांश जाड, त्या भोकाच्या मापाने. लिव्हरची स्प्रिंग मेली असेल तर बॉलपेनची घालू नका. आठवडाभर चालते आणि नेमकी उडून कॉटखाली जाते.

नळीच ढिली असेल

इथे जपून. खऱ्या एआरमध्ये कॅसल नट ४० फूट-पाउंडच्या आसपास आवळतात, म्हणजे ५४ न्यूटन-मीटर, आणि वर पंच मारून एंड प्लेटचा माल नटच्या खाचेत दाबतात. लहान खाचा पुढे, प्लेटकडे. मोठ्या मागे, पान्यासाठी. अनेक रायफलींवर नट उलटा बसवलेला सापडतो. सरळ करा. पण ते ५४ चं माप तुमच्या एअर रायफलच्या ओतीव रिसीव्हरवर वापरू नका, आटे बाहेर येतील. नट हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने थोडा, आणि आट्यांवर निळं थ्रेड लॉकर. लाल नको. लाल लावलेलं उद्या सोडवायला गरम करावं लागतं आणि प्लॅस्टिकचा स्टॉक वितळतो. पावसाळ्यात, आणि आमच्या गगनबावड्याकडच्या लोकांना विशेष सांगतो, स्टीलच्या नटला तेलाचा हात पाहिजे. मी जुलैत गंजलेले नट सप्टेंबरात हॅक्सॉने कापलेत.

नट नीट, लॉकर लावलेलं, तरी नळी हलते? मग आटे तपासा. एआरच्या नळीचे आटे १ ३/१६ इंच, १६ टीपीआय, म्हणजे एका इंचात १६ आटे. मिलिमीटरमध्ये व्यास ३०.१६ आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५८७५. आता टर्नर मंडळींच्या लक्षात आलं असेल. मेट्रिकमध्ये याच्या अगदी जवळ एक माप आहे, एम-३० बाय १.५. दोन्ही एकमेकांत फिरतात. एक फेरा, दीड फेरा, दोन फेरे... आणि मग घट्ट होतं. माणसाला वाटतं आवळलं गेलं. प्रत्यक्षात पिचचा फरक साठत गेलेला असतो: पाच आट्यांत जवळपास अर्धा मिलिमीटर. ते आवळलं गेलेलं नसतं, ते अडकलेलं असतं. आणखी जोर लावला की मऊ बाजूचे आटे सोलून निघतात.

अशी एक रायफल इचलकरंजीहून आली होती. मूळ नळी वाकली म्हणून त्याने दुसरीकडून नवी मागवली. रिसीव्हर मेट्रिक, नळी इंचाची. पिच गेज लावलं आणि मागे दिवा धरला तर पात्याच्या दातांखालून उजेड दिसत होता. त्याच्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. रिसीव्हरचे निम्मे आटे आधीच भुशाच्या रूपात चादरीत पडले होते.

म्हणून नवी नळी घेताना व्यासाइतकंच आट्यांकडे लक्ष द्या. जुनी नळी काढून पिच गेज लावा. १६ टीपीआयचं पातं बसलं तर बाजारातली एआर नळी चालेल. १.५ चं बसलं तर फक्त त्याच कंपनीची.

फिक्स स्टॉक लावायचा असेल तर

एखाद्याला सरकणारा स्टॉकच नको असतो. एक निवृत्त सुभेदार येतात, सैनिक टाकळीचे. त्यांचं म्हणणं, "बट ते बट पाहिजे, हा काय बेलण्यासारखा आत-बाहेर." त्यांना मी सांगितलं की लष्करानेच २०१९ मध्ये सिग ७१६ च्या ७२,४०० रायफलींचा करार केला, आणि तिलाही मागे सरकता स्टॉकच आहे. ते म्हणाले, "मी त्याच्या आधी रिटायर झालो." विषय संपला.

फिक्स स्टॉक मूळ रायफलच्या लांब गोल नळीवर बसतो. तिला खाली रेल नसते, भोकं नसतात, आणि स्टॉक मागून एका स्क्रूने धरलेला असतो. कार्बाइनच्या नळीवर तो तसा बसत नाही. त्यातही जुना ए-वन आणि नंतरचा ए-टू यांत पाच सुतांचा फरक आहे, ए-टू लांब. नळी तीच, म्हणून ए-टू लावताना नळीच्या टोकाशी तेवढ्याच जाडीचा स्पेसर आणि लांब स्क्रू लागतो. स्पेसर विसरला की स्टॉक पुढे-मागे हलतो आणि स्क्रू आवळून आवळून शेवटी प्लॅस्टिक फुटतं. सुभेदारांच्या रायफलीला कार्बाइनची नळी होती. त्यांनी स्टॉक सर्वांत बाहेरच्या घरात ओढला, मी पट्ट्या लावल्या, आणि आता तो त्यांच्या मते फिक्स आहे.

अजून एक, जे विचारतात त्यांच्यासाठी. दुधाळीच्या रेंजवर मॅच शिकायला जायचं असेल तर या एआर-टाइप रायफलीवर आणि स्टॉकवर पैसे घालू नका. मॅच रायफलचा स्टॉक, गालपट्टी आणि बटप्लेट हा वेगळाच प्रकार. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत याच गावच्या, स्वप्नील कुसाळे राधानगरीकडचा, त्यामुळे इथे तुम्हाला त्या रायफलीबद्दल माझ्यापेक्षा चांगलं सांगणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. मी फक्त हलणाऱ्या गोष्टी बसवतो.

कायद्याचं थोडक्यात. ४.५ मिमी बोअर आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेली एअर रायफल २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्सशिवाय ठेवता येते. खरी सेमी-ऑटो एआर तुमच्या-माझ्या लायसन्सवर येत नाही, आणि तिचे पार्ट बाहेरून मागवायचा विचारही करू नका. माझ्याकडे कुणी बंदुकीच्या पार्टचं ड्रॉइंग घेऊन आलं तर चहा देतो आणि वाटेला लावतो. शिवाय ही रायफल लांबून खऱ्यासारखीच दिसते हे विसरू नका. एका पोराने तिच्यासह रंकाळ्याच्या कट्ट्यावर रील काढलं. रील पन्नास जणांनी बघितलं असेल-नसेल, पण त्यातल्या एकाने पोलिसांना फोन केला. रायफल सुटायला त्याच्या वडिलांना तीन हेलपाटे पडले.

तेव्हा रायफल घेऊन येण्याआधी मला एवढं पाठवा: नळीचा तीन जागचा व्यास, हलणं वरखाली आहे की पुढे-मागे, आणि कॅसल नटचा जवळून एक फोटो, मार्करच्या रेघेसकट. फोटोमागे घरातली भिंत चालेल. रंकाळा नको.